आर्केड गेम लिहा, पण कुलूप न लावता

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ नावाचा एक गेम जोरात होता. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला आणि त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा. पोरांनी गेमचं बारसं परस्पर नव्याने केलं, पण त्यापलीकडे त्यात कोणालाच काही करता आलं नाही. एखादा बॉस फार छळतो म्हणून त्याची ताकद थोडी कमी करून पाहू, पाट्या मराठीत आणू, आपलंच एखादं पात्र घुसवू, असल्या हौशीला त्या लाकडी खोक्यात जागा नव्हती. रुपया टाका, खेळा, हरा, बाजूला व्हा.

तसल्याच धाटणीचा छोटा गेम स्वतः करायला आज एक जुना लॅपटॉप आणि कामावरून आल्यानंतरचा वेळ पुरतो. एक काठी, दोन बटणं, दोन-तीन मिनिटांत संपणारा डाव आणि वर गुणांचा आकडा. ज्यांना थोडंफार प्रोग्रामिंग येतं आणि असं काही करायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकच: गेम मुक्त करा. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्या विचारातून चार स्वातंत्र्यं पुढे आली. प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवता यावा, तो आतून वाचून बदलता यावा, त्याची प्रत दुसऱ्याला देता यावी आणि बदललेली प्रतही वाटता यावी. फुकट मिळणाऱ्या आणि दर अर्ध्या मिनिटाला जाहिरात दाखवणाऱ्या मोबाइल गेममध्ये यातलं एकही नसतं.

आर्केड गेमच का? कारण तो लहान असतो. मोठ्या गेममध्ये शेकडो माणसांची कामं आणि दहा कंपन्यांचे हक्क गुंतलेले असतात. मालकाला उद्या उपरती झाली तरी तो सगळं मोकळं करू शकत नाही. ‘डूम’चंच बघा. इड सॉफ्टवेअरने त्याचा कोड १९९७ मध्ये दिला, १९९९ मध्ये ग्नूच्या जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला, पण चित्रं, आवाज आणि नकाशे मागेच राहिले. मग लोकांना ‘फ्रीडूम’ नावाचा वेगळा प्रकल्प काढून ती सगळी सामग्री नव्याने बनवावी लागली. तुमच्या गेममध्ये मात्र चाळीस स्प्राइट, पंधरा आवाज, दोन धून आणि काही हजार ओळींचा कोड असेल. त्यातलं शेवटच्या पिक्सेलपर्यंत सगळं मुक्त ठेवणं एकट्या माणसाला जमतं. फक्त ते पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. नंतर ठरवायला गेलं की घोडं पेंड खातं.

आधी लगीन परवान्याचं

रिकाम्या फोल्डरमध्ये पहिली फाइल परवान्याची असावी. माझी शिफारस सरळ आहे. कोडला जीपीएलची तिसरी आवृत्ती ‘किंवा त्यानंतरची’ या शब्दांसह, आणि चित्रं-आवाजांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ हा ४.० आवृत्तीचा परवाना. ही जोडी जमते. या परवान्यातली सामग्री जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली घेता येते, हे क्रिएटिव्ह कॉमन्सने २०१५ मध्येच जाहीर केलं आहे. उलटा प्रवास मात्र होत नाही, तेव्हा जीपीएलमधलं चित्र उचलून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली घालू नका. एमआयटीसारखा सैल परवानाही मुक्तच आहे, पण त्यात तुमचा गेम कोणी घेऊन, रंग बदलून, बंद करून विकला तर तो त्याचा हक्क असतो. मला ते पटत नाही; तुम्हाला चालत असेल तर खुशाल घ्या.

चित्रांच्या बाबतीत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत एकमत नाही. स्टॉलमन स्वतः म्हणतात की गेममधली कला म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, ती मुक्त असलीच पाहिजे असं नाही. डेबियन या लिनक्स वितरणाचे लोक इतके उदार नाहीत. त्यांच्या मुख्य भांडारात यायचं तर चित्रं, आवाज, फॉन्ट, सगळं मुक्त हवं. मी या बाबतीत डेबियनच्या बाजूचा. नुसता कोड घेऊन खेळणारा काय करणार? काळ्या पडद्यावर गोळ्या झाडणार?

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘अव्यावसायिक’ अटीमुळे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं नाव दिसलं की मंडळी निर्धास्त होतात. पण ‘अव्यावसायिक वापरासाठीच’ किंवा ‘बदल करू नये’ अशी अट असलेला परवाना मुक्त नव्हे. तसला एक स्फोटाचा आवाज आत आला की पुढे कोणाला गेम पेनड्राइव्हवर घालून पन्नास रुपयांना विकता येणार नाही, आणि डेबियनचं दारही बंद. तयार सामग्री हवी असेल तर २००९ पासून चालू असलेलं ‘ओपन गेम आर्ट’ हे भांडार आहे. ‘केनी’ या संकेतस्थळावरच्या संग्रहातली चित्रं तर सीसी-शून्य परवान्याखाली, म्हणजे कसलीच अट न घालता दिलेली आहेत. घेताना प्रत्येक वस्तूच्या पानावरचा परवाना वाचायचा आणि त्याच वेळी ‘श्रेय’ नावाच्या फाइलमध्ये चार गोष्टी टिपायच्या: वस्तूचं नाव, कर्ता, कुठून घेतली, कोणता परवाना. ‘नंतर एकदम लिहू’ म्हणणाऱ्यांची ती फाइल कधीच पूर्ण होत नाही.

आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. अनेक नियुक्तिपत्रं तर याहूनही पुढे जातात आणि नोकरीच्या काळात तुम्ही जे काही निर्माण कराल त्यावर हक्क सांगतात. तेव्हा पत्र काढून बारीक अक्षरातला मजकूर वाचा, कंपनीचा लॅपटॉप वापरू नका, आणि शंका असेल तर मनुष्यबळ विभागाकडून चार ओळींचं लेखी नाहरकत घ्या. जे तुमचं नाही ते तुम्हाला मुक्तही करता येत नाही.

नक्कल कुठवर

रेट्रो म्हटलं की पहिला मोह ‘पॅकमॅन’ किंवा ‘टेट्रिस’ जसाच्या तसा लिहिण्याचा. शिकण्यासाठी जरूर लिहा, प्रकाशित करू नका. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे स्पष्ट केलं; वाद नाटक आणि सिनेमाचा होता, तत्त्व इथेही तेच. अमेरिकेत फिलिप्सच्या ‘के. सी. मंचकिन’वर अटारीने १९८२ मध्ये मनाई हुकूम मिळवला, कारण त्याचा खादाड नायक आणि भुतं पॅकमॅनच्या फार जवळची होती. २०१२ मध्ये ‘टेट्रिस’वाल्यांनी ‘मिनो’ हा क्लोन असाच पाडला. नियम कोणीही घ्यावेत असंच न्यायालय म्हणालं. पण तुकड्यांचं रूप, रंगवण्याची तऱ्हा, फळीचं मापसुद्धा तंतोतंत उचललं होतं. तेव्हा नियम घ्या, त्यांना मोडा-तोडा, आणि नाव-रूप संपूर्ण आपलं ठेवा.

‘मेम’ हा जुन्या मशीनांचा एम्युलेटर २०१६ पासून मुक्त आहे, म्हणून त्यावर चालणारे जुने गेमही मुक्त झाले, असाही एक गोड गैरसमज आहे. झालेले नाहीत. त्यांच्यातून चित्रं किंवा आवाज उचलू नका.

हत्यारं

साधनांवर फार वेळ घालवू नका. बेकेटच्या नाटकावरून नाव घेतलेलं ‘गोदो’ हे इंजिन २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली आहे आणि नवख्या माणसाला तेच सोयीचं. लुआ आवडत असेल तर ‘लव्ह’, सी येत असेल तर ‘रेलिब’ किंवा थेट ‘एसडीएल’, पायथन येत असेल तर ‘पायगेम’. इंजिन बंद असेल तर काय होतं, हे २०२३ च्या सप्टेंबरात दिसलं. युनिटीने दर इन्स्टॉलमागे पैसे आकारण्याची घोषणा केली आणि वर्षानुवर्षं त्यावर काम करणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. पुढच्या वर्षी घोषणा मागे घेतली, पण तोवर बरेच जण गोदोकडे निघून गेले होते.

चित्रांसाठी ‘पिक्सेलोरामा’ किंवा ‘लिब्रेस्प्राइट’. लिब्रेस्प्राइटची कथा या लेखाच्या विषयालाच धरून आहे. ‘एसप्राइट’ हा लोकप्रिय प्रोग्राम आधी जीपीएलखाली होता, २०१६ मध्ये कर्त्याने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला, तेव्हा शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून लोकांनी ही शाखा काढली. आधी दिलेलं स्वातंत्र्य परत घेता येत नाही, ते असं. नकाशांसाठी ‘टाइल्ड’, संगीतासाठी ‘एलएमएमएस’ किंवा ‘मिल्कीट्रॅकर’, आणि टुईं-धडाड-ठक्क अशा आवाजांसाठी ‘एसएफएक्सआर’. धून स्वतः रचा. जुन्या सिनेमाच्या गाण्याची चिपट्यून करायचा मोह आपल्याकडे फार, पण चालीवर हक्क असतो. लोकधून पारंपरिक असली तरी तिची कोणी केलेली ध्वनिमुद्रित आवृत्ती पारंपरिक नसते.

सेकंदाला साठ ठोके

आता मूळ कामाकडे. जुन्या गेमचा जिवंतपणा चित्रांत शोधायला गेलात तर हाती फक्त ठिपके लागतील. तो वेळेत असतो. तोमोहिरो निशिकादो यांचा १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ शत्रू. मशीनचा प्रोसेसर इतका दुबळा की दर फ्रेमला एकच शत्रू सरकायचा. पूर्ण फौज एक पाऊल पुढे जायला ५५ फ्रेम लागत, म्हणजे जवळपास सेकंद. जसजसे तुम्ही शत्रू मारता तसतशी फेरी लवकर पुरी होते, आणि शेवटचा एकटा उरला की तो दर फ्रेमला धावत सुटतो. फौजेचा वेग असा वाढत जावा म्हणून कोणी वेगळा नियम लिहिला नव्हता. यंत्राची मर्यादाच खेळाचा ताल झाली आणि निशिकादोंनी ती तशीच राहू दिली. तुमच्या गेममध्येही आधी असा एकच नियम शोधा. खेळणारा जिंकत जातो तसतशी त्याची अडचण आपोआप वाढली पाहिजे. तो नियम सापडेपर्यंत चित्रं काढू नका, चौकोन चालतील.

तो ताल सगळ्यांच्या मशीनवर सारखा राहावा यासाठी एक पथ्य पाळाच: गेमची गणितं सेकंदाला ठरावीक ६० वेळाच करा, मग मॉनिटर कसाही असो. दर चित्रामागे जहाज दोन पिक्सेल सरकवलं, की ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते सेकंदाला १२० पिक्सेल जातं आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावर २८८. म्हणजे मित्राकडे तोच गेम जवळजवळ अडीचपट वेगाने पळणार, आणि तो म्हणणार, ‘काय अशक्य गेम केलायस रे!’ गोदोमध्ये भौतिकीसाठी वेगळं घड्याळ असतं आणि ते मुळातच ६० वर लावलेलं असतं. हालचाल, टक्कर, गुण, सगळं तिथेच लिहा. लव्ह किंवा एसडीएलमध्ये हे घड्याळ आपलं आपण बांधावं लागतं: झालेला वेळ साठवायचा आणि त्यातून साठाव्या भागाचे तुकडे पाडत जायचं.

एकदा घड्याळ पक्कं झालं, आणि यादृच्छिक आकड्यांचं बीजही तुम्हीच नोंदवून ठेवलं, की एक मोठी सोय पदरात पडते. त्याच बीजावर तीच बटणं त्याच फ्रेमला दाबली तर तोच डाव जसाच्या तसा घडतो. म्हणजे व्हिडिओ न साठवता फक्त बटणं साठवली तरी डाव परत दाखवता येतो. दर फ्रेमला एक बाइट धरला तर तीन मिनिटांचा डाव १०,८०० बाइटांत मावतो. पार्लरमध्ये नाणं टाकायच्या आधी मशीन आपोआप खेळून दाखवायचं, तो देखावा यातूनच करा. दोष कळवणाऱ्यालाही ‘ती फाइल जोडा’ एवढंच सांगायचं. जिथे गेम कोसळला तिथे तो तुमच्याकडेही कोसळेल. पॅकमॅनच्या पट्टीच्या खेळाडूंना पाठ केलेल्या वाटा चालत, त्या याच कारणाने: भुतांना प्रत्येकी आपला नियम होता. तांबडं थेट पॅकमॅनच्या घरावर यायचं, गुलाबी त्याच्या चार घरं पुढे, नारिंगी आठ घरांच्या आत आलं की कोपऱ्यात पळायचं. चार ओळींचे नियम, आणि पाहणाऱ्याला वाटायचं चौघांना चार स्वभाव आहेत.

टक्करीत खेळणाऱ्याला झुकतं माप द्या. जहाजाचं चित्र १६ गुणिले १६ पिक्सेलचं असेल तर मार लागणारा चौकोन मध्यभागी ६ गुणिले ६ चाच ठेवा. शत्रूची गोळी पंखाला घासून गेली तर खेळणारा ‘वाचलो’ म्हणतो. मेला तर ‘लागली कुठे?’ म्हणून भांडतो. स्वतःच्या गोळीचा चौकोन उलट चित्राहून थोडा मोठा. आणि गोळी वेगवान असेल तर ध्यानात ठेवा: दर ठोक्याला १२ पिक्सेल जाणारी दोन पिक्सेलची गोळी चार पिक्सेल जाड भिंतीला न शिवता पलीकडे जाऊ शकते. तिचा मधला सगळा प्रवास तपासा, फक्त पोचलेली जागा नव्हे.

पडद्याचं माप ३२० गुणिले १८० घ्या असं मी सांगेन. चौपट केलं की १२८० गुणिले ७२०, सहापट केलं की १९२० गुणिले १०८०, बारा पट केलं की फोर-के. मोठं करताना पूर्णांकानेच करा. आपल्याकडे घरोघर असलेल्या १३६६ गुणिले ७६८ च्या लॅपटॉपवर चौपट चित्र बसतं आणि डाव्या-उजव्या अंगाला ४३, वर-खाली २४ पिक्सेलची काळी पट्टी उरते. उरू द्या. ती घालवायला चित्र ताणलंत तर काही पिक्सेल चार ठिपक्यांचे आणि काही पाचचे होतात, आणि सरकणारी प्रत्येक वस्तू थरथरते.

पाट्या मराठीत

जुन्या मशीनांचं अक्षर आठ गुणिले आठ पिक्सेलच्या चौकोनात बसायचं. देवनागरी त्यात बसत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मध्ये अक्षराचा देह. किमान १६ पिक्सेल उंची लागते. १८० पिक्सेलच्या पडद्यावर अशा अकरा ओळी मावतात, आर्केड गेमला त्या भरपूर झाल्या.

खरी अडचण जोडणीची आहे. इंजिनाला अक्षरं नुसती एकापुढे एक मांडता येत असतील तर ‘खेळ संपला’ अगदी ठीक दिसतं, कारण त्यात पहिली वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही. एवढ्यावर समाधान मानून मंडळी पुढे जातात आणि मग ‘विक्रम’ लिहायला जातात: वेलांटी व च्या उजवीकडे, क चा पाय मोडलेला. म्हणून चाचणी ‘विक्रम’, ‘पुन्हा’, ‘जिंकलात’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांवर घ्या. गोदोच्या चौथ्या आवृत्तीपासून ही जोडणी हार्फबझ या लायब्ररीमार्फत नीट होते. इतर इंजिनांत होत नसेल तर डोकं लढवत बसू नका. आख्ख्या गेममध्ये वीस-पंचवीस पाट्या असतात, त्या इंकस्केपमध्ये लिहून चित्रं म्हणून घाला. गुणांच्या आकड्यांना जोडणी लागत नाही, तेव्हा ० ते ९ हे दहा अंक स्वतः ठिपक्या-ठिपक्याने काढा. फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’; दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. संगणकावर आधीपासून असलेला फॉन्ट उचलून गेमसोबत वाटू नका, त्याचा परवाना बहुधा तेवढी मुभा देत नाही.

विक्रमांच्या यादीत नाव लिहायला पाश्चात्त्य मशीनवर तीन अक्षरं मिळत. आपली आद्याक्षरं काना-मात्रांसह येतात, पु. ल. देशपांड्यांना ‘प. ल.’ लिहायला लावणारा गेम मराठी म्हणवून घेऊ शकत नाही. काठी वर-खाली केली की व्यंजन बदलावं, दुसरं बटण दाबलं की त्याची बाराखडी फिरावी, अशी सोय ठेवा. लिहायला तासाभराचं काम आहे, आणि पोरं त्या पडद्यावर गेमपेक्षा जास्त रमतात.

सोर्स म्हणजे काय काय

जीपीएलच्या व्याख्येत सोर्स म्हणजे बदल करायला जे रूप सोयीचं ते. कोडपुरतं हे सगळे पाळतात आणि चित्रांपाशी विसरतात. स्प्राइटची थर असलेली मूळ फाइल, धूनचा एलएमएमएस प्रकल्प, एसएफएक्सआरच्या आवाजांची सेटिंगं, हे सगळं रिपॉझिटरीत गेलं पाहिजे. तयार झालेली ध्वनिफीत म्हणजे शिजलेला पदार्थ. त्यातून तबल्याचा आवाज कमी करायला दुसऱ्याला वाव उरत नाही.

आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही गेम बदलता आला पाहिजे. त्यासाठी पातळ्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा:

############
#+...#....*#
#.##...##..#
#*...#....=#
############

जाळी म्हणजे भिंत, अधिकचं चिन्ह म्हणजे खेळाडू, तारा म्हणजे शत्रू, बरोबरचं चिन्ह म्हणजे दार. सातवीतल्या मुलाला एवढं सांगितलं की तो नोटपॅड उघडून चार तारे वाढवतो आणि स्वतःच हरतो. शत्रूंचा वेग, प्राण किती, बोनस कधी, हे आकडेही अशाच एका वेगळ्या फाइलीत काढा आणि प्रत्येकापुढे मराठीत एक ओळ लिहा. ‘आतून बदलायचं स्वातंत्र्य’ त्या मुलाच्या हाती इथे पडतं. परवान्याची फाइल तो उघडणारही नाही.

प्रकाशित करण्याआधी एक परीक्षा घ्या. ज्याने तुमचा प्रकल्प कधी पाहिलेला नाही अशा मित्राला, नव्याने लिनक्स टाकलेल्या संगणकावर, फक्त ‘वाचा’ फाइलच्या आधाराने गेम बांधायला बसवा. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडायचं नाही. तो जिथे अडेल ती ओळ फाइलमध्ये घाला.

बाहेर पडताना

अँड्रॉइडसाठी एफ-ड्रॉइड पाहा. तिथे शुल्क नाही, पण तुमचा गेम ते स्वतः सोर्सपासून बांधतात, आणि एखादी सामग्री मुक्त नसेल तर तसा शिक्का मारतात. गूगल प्लेला नोंदणीचे एकदाच २५ डॉलर पडतात. काठी-बटणांचा गेम काचेवर अंगठ्याने खेळवणं त्रासाचं असतं, तेव्हा एका बटणाचा गेम असेल तरच फोनच्या मागे लागा. संगणकासाठी लिनक्सवर फ्लॅटहब, बाकी सगळ्यांसाठी इच-आयओ. तिथे दुकानाला किती वाटा द्यायचा हेही तुम्हीच ठरवता, अगदी शून्यही. अॅपलच्या दुकानाशी जीपीएलचं जमत नाही. २०१० मध्ये ‘ग्नू गो’ आणि २०११ मध्ये ‘व्हीएलसी’ तिथून काढले गेले, ते याच तंट्यातून.

पैसे मिळवायला जीपीएलची हरकत नाही. ‘माइंडस्ट्री’ हा गेम जीपीएलखाली आहे, इच-आयओवर फुकट आहे आणि स्टीमवर विकला जातो. लोक विकत घेतात, कारण घरबसल्या अद्ययावत होणारी प्रत त्यांना हवी असते आणि कर्त्याला हातभार लावायचा असतो. ‘पिक्सेल डन्जन’च्या खुल्या कोडवरून दुसऱ्याने केलेला ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’ तर मूळ गेमपेक्षा कितीतरी पुढे गेला आणि तोही स्टीमवर विकला जातो. स्टीमचं शुल्क दर गेममागे १०० डॉलर, विक्री हजार डॉलरवर गेली की परत मिळतं. स्टीमची स्वतःची लायब्ररी बंद आहे आणि ती जोडण्याची सक्ती नाही. न जोडता दिलात तर परवान्याची कटकटच नको. घर चालेल इतकं यातून मिळेल असं मात्र धरून चालू नका. बंद गेम करणाऱ्या बहुतेकांनाही ते मिळत नाही.

दुसऱ्याने पाठवलेला पहिला बदल स्वीकारण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या की काम त्याचं स्वतःचं आहे आणि याच परवान्याखाली देतो आहे. ईमेलमधली एक ओळ पुरते. पुढे परवाना बदलायचा झाला तर अशा प्रत्येकाची परवानगी लागेल, हे तुम्हीही ध्यानात ठेवा.

कधी ना कधी कोणीतरी तुमचा गेम उचलून, नवं नाव देऊन विकायला काढेल. तेव्हा भडकण्याआधी तीन गोष्टी तपासा. श्रेय ठेवलं आहे का, परवाना सोबत दिला आहे का, आणि प्रत घेणाऱ्याला बदललेला सोर्स मिळतो का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो तुम्ही दिलेल्या हक्कातच वागतो आहे. त्याचा सोर्स उतरवून घ्या आणि त्यातले चांगले बदल आपल्या गेममध्ये आणा. एखादं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी साध्या शब्दांत ईमेल करा, नेमकं काय राहिलं ते सांगा आणि ते पुरं करायला महिनाभराची मुदत द्या. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतही पहिल्यांदा चूक सुधारणाऱ्याला सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांची सवलत आहे. त्याने तुमच्या गेमचं नाव आणि चिन्ह जसंच्या तसं वापरलं असेल तर तो मामला वेगळा. कोडचा परवाना नावावर हक्क देत नाही. ‘वाचा’ फाइलमध्ये एक ओळ आधीच लिहून ठेवा: बदललेली आवृत्ती वाटताना कृपया वेगळं नाव द्या.